सात सात आठ : 'साकुरा साकुरा' ऐकायला शिकताना

जपानी संगीताशी ज्याची काहीच ओळख नाही, त्यानेही 'साकुरा साकुरा' ही चाल कुठे ना कुठे ऐकलेली असते. चित्रपटात जपानचे दृश्य आले, जपानी पदार्थांच्या हॉटेलात पार्श्वसंगीत लागले किंवा जपानी भाषेच्या वर्गाचा कार्यक्रम झाला, की ही चाल बहुधा येतेच. अतिपरिचयाने होते ते हिचेही झाले आहे : सगळ्यांनी ऐकलेली, पण लक्ष देऊन फार थोड्यांनी ऐकलेली. कोतो (आडवे ठेवून छेडायचे जपानी तंतुवाद्य), शाकुहाची (बांबूची उभी जपानी बासरी), गिटार, बासरी, पियानो अशा कितीतरी वाद्यांवर तिची ध्वनिमुद्रणे झालेली आहेत आणि त्यांतली काही फार मोलाची आहेत. ज्यांना जपानी संगीतात पहिले पाऊल टाकायचे आहे, पण ज्यांच्या घरात पेटी आहे किंवा निदान सा-रे-ग-म कानात आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

माझा आग्रह एकच आहे. मुद्रणे शोधायला बसण्याआधी ही चाल स्वतःला पाठ झाली पाहिजे. ती अवघ्या 56 मात्रांची आहे. ती पाठ झाली की प्रत्येक वादकाने तिचे काय केले, हे ऐकू येऊ लागते, आणि विशेषतः ज्या मात्रांवर नवा स्वरच नाही, त्या मात्रांवर तो काय करतो, हे ऐकू येऊ लागते. वाद्यावाद्यांतला आणि वादकावादकांतला फरक मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

पहिली पायरी : नाव आणि उगम

'साकुरा' म्हणजे जपानी चेरीचे झाड आणि त्याचा बहर. शब्दाचा उच्चार करताना सा, कु आणि रा ही तिन्ही अक्षरे सारख्याच वेळेची ठेवावीत. आपल्या सवयीने शेवटचा 'रा' लांबवू नये, कारण चालीत तो लांबतो तेव्हा तो संगीताने लांबवलेला असतो, भाषेने नव्हे.

या गाण्याला सरसकट 'लोकगीत' म्हटले जाते, पण जपानी लोक स्वतः तसे म्हणत नाहीत. शेतात लावणी करताना, होडी वल्हवताना किंवा ओझी वाहताना म्हटल्या जाणाऱ्या गावोगावच्या गीतांना तिथे 'मिन्यो' म्हणतात आणि त्यांचा बाज अगदी वेगळा असतो. 'साकुरा साकुरा'च्या डोक्यावर पाठ्यपुस्तकात 'निहोन कोयो', म्हणजे जपानचे जुने गीत, एवढेच छापलेले असते, कारण तिचा कर्ता कोणालाच माहीत नाही. ही चाल शहरातली आहे. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तिथे कोतो शिकू लागलेल्या मुलांचा हात बसावा म्हणून ती शिकवली जात असे. आपल्याकडे पेटीच्या वर्गात पहिल्या महिन्यात एखादी सोपी सरगम बसवून घेतात, तिच्याशी हिचे नाते जवळचे आहे. 1888 मध्ये तोक्योच्या सरकारी संगीतशाळेने 'सोक्योकुशू' नावाचा कोतो-रचनांचा संग्रह पाश्चात्त्य स्वरलिपीत छापला, त्यात ही चाल आली आणि एका शहरातल्या शिकवण्यांमधून ती साऱ्या देशाच्या शाळांकडे निघाली.

शब्द दोन प्रकारचे आढळतात, आणि गायनाची मुद्रणे ऐकताना नवखा माणूस इथे गोंधळतो. जुन्या पाठात 'यायोइ नो सोरा वा', म्हणजे चांद्र पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याचे आकाश, अशी सुरुवात होते आणि शेवटी 'चला, चला, पाहायला जाऊ' असे बोलावणे येते. 1941 मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या शालेय गीतसंग्रहात शब्द बदलले. तिथे 'नोयामा मो सातो मो', म्हणजे डोंगरमाळ आणि गावेही, असे येते आणि शेवट फुलांच्या पूर्ण बहरावर होतो. हे धुके म्हणावे की ढग, हा प्रश्न मात्र दोन्ही पाठांत आहे आणि गाण्याचा जीव तिथेच आहे. दोन्ही पाठांत 'निओउ' या क्रियापदाचे रूपही येते. आजच्या जपानीत त्याचा अर्थ वास येणे असा होतो, जुन्या भाषेत मात्र रंगाने उजळून निघणे असाही होता. नव्या पाठात सकाळच्या उन्हात फुले 'निओउ' करतात, तेव्हा ती दरवळत नसून झळकत असतात. साकुराच्या बहुतेक जातींना फारसा वास नसतो, हे ज्याने ती झाडे पाहिली आहेत त्याला ठाऊक असते. जपानमध्ये आज प्राथमिक शाळेच्या चौथीत हे गाणे सर्व मुलांना शिकवले जाते.

दुसरी पायरी : चाल पेटीवर बसवणे

पेटीवर पांढरी तीन हा सा धरावा. असे केले की संपूर्ण चाल पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजते, एकाही काळ्या पट्टीला हात लावावा लागत नाही. स्वर पाचच आहेत : सा, कोमल रे, शुद्ध म, प आणि कोमल ध. ग आणि नी अजिबात नाहीत. खाली रे आणि ध जिथे येतील तिथे ते कोमलच समजावेत. ज्या अक्षराखाली टिंब आहे तो स्वर मंद्र सप्तकातला आहे. आडवी रेघ म्हणजे आधीचाच स्वर पुढे चालू. जोडून लिहिलेले दोन स्वर एका मात्रेत घ्यावेत.

म म प – । म म प –

म प ध प । म पम रे –

सा ध़ सा रे । सा साध़ प़ –

म प ध प । म पम रे –

सा ध़ सा रे । सा साध़ प़ –

म म प – । म म प –

सा रे पम रे । सा – – –

आठ मात्रांच्या सात ओळी, म्हणजे 56 मात्रा. केरव्याच्या आठ मात्रा हाताने मोजत गेल्यास बरोबर सात आवर्तने होतात. लय संथ ठेवावी, सेकंदाला एक मात्रा अशी, म्हणजे पूर्ण चाल मिनिटाच्या आत एकदा वाजून होते. तिसऱ्या ओळीत चाल मंद्र पंचमापर्यंत उतरते. गाताना तिथे आवाज बसत असेल तर सा थोडा चढवावा, मग काळ्या पट्ट्या आल्या तरी चालेल. दोन-तीन दिवस रोज दहा मिनिटे दिली, तर ही चाल कागद न पाहता वाजवता येते, असा माझा अनुभव आहे. त्या आधी मुद्रणे ऐकू नयेत.

वाजवताना पहिल्या ओळीकडे लक्ष द्यावे. चौथ्या आणि आठव्या मात्रेवर नवीन स्वर नाही. पेटीवर भाता चालू असल्याने पंचम आपोआप लांबतो आणि ती मात्रा भरून निघाल्यासारखी वाटते. पट्टी सोडून दिली तर तिथे शांतता पडते. दोन्ही करून पाहावे. पुढच्या सगळ्या ऐकण्याची किल्ली या मोकळ्या मात्रेत आहे.

तिसरी पायरी : या पाच स्वरांचे घर ओळखणे

ज्यांना रागदारी थोडीफार परिचयाची आहे, त्यांच्या मनात एव्हाना गुणक्रीचे नाव आले असेल. भैरव थाटातल्या गुणक्रीत नेमके हेच पाच स्वर लागतात, आणि जोगियाच्या आरोहातही हेच आहेत. हे साम्य खरे आहे आणि नव्या श्रोत्याला त्याचा मोठा आधार होतो, पण त्याने फसूही नये. रागाचे चलन, त्याचे न्यास, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड, यांतले काहीच इथे अपेक्षित नाही. 'साकुरा'ला गुणक्रीसारखी गाऊन पाहिली की ती लगेच आपल्या घरातली वाटते, आणि त्याच क्षणी ती जपानी राहत नाही.

जपानी संगीतशास्त्रात या स्वरसमूहाला 'मियाको-बुशी', म्हणजे राजधानीची किंवा शहराची चाल, असे म्हणतात; 'इन' असेही दुसरे नाव आहे. उएहारा रोकुशिरो यांनी 1895 मध्ये शहरी आणि ग्रामीण संगीताच्या स्वरांची अशी विभागणी मांडली. पुढे संगीतशास्त्रज्ञ कोइझुमी फुमिओ यांनी ती वेगळ्या पद्धतीने उलगडली, आणि त्यांची रीत आपल्याला अधिक सोयीची आहे. सा ते म ही एक चौकट, प ते तार सा ही दुसरी चौकट; चौकटीची दोन्ही टोके पक्की, आणि आत खालच्या टोकाला चिकटून एकेक स्वर : पहिल्या चौकटीत कोमल रे, दुसरीत कोमल ध. म्हणजे 'सा रे म' आणि 'प ध सा' ही एकाच आकाराची दोन घरे झाली. (कोइझुमी स्वतः भारतात येऊन आपले संगीत शिकले होते, हे सांगताना मला विशेष आनंद होतो.)

हे समजून घेण्याचा उपयोग पुढे होतो. चालीचा शेवट सा वर होतो आणि आपल्या कानाला तो पूर्ण वाटतो. पाश्चात्त्य पद्धतीने संगत देणारे अनेक संगीतकार मात्र आपण ज्याला म म्हणतो त्या स्वराला आधारस्वर मानून मायनर कॉर्ड लावतात; मग शेवटचा सा अर्ध्यावर थांबल्यासारखा, प्रश्न विचारल्यासारखा वाटू लागतो. पियानोवरची मुद्रणे ऐकताना हा फरक मुद्दाम तपासावा. चाल तीच असते, पण तिच्याखालची जमीन बदललेली असते.

आणखी एक बारीक गोष्ट. परंपरेने कोतो लावणारे वादक कोमल रे आणि कोमल ध पेटीपेक्षा किंचित उतरलेले ठेवतात. ज्यांना तानपुऱ्यावर स्वर ऐकण्याची सवय आहे त्यांना हे चटकन जाणवेल, आणि सुरुवातीला वाद्य बेसूर असल्याचा संशय येईल. तो संशय बाजूला ठेवून पाचदहा मिनिटे ऐकत राहावे. कान जुळवून घेतो.

चौथी पायरी : कोतो पाहणे, मग ऐकणे

या चालीचे मूळ वाद्य कोतो आहे, म्हणून पहिले मुद्रण कोतोचेच आणि शक्यतो एकट्या कोतोचे निवडावे. चित्रफीत मिळाली तर अधिक चांगले, कारण हात दिसले की अर्धे काम होते.

कोतो हे पावलोनिया नावाच्या हलक्या लाकडाचे, साधारण 180 सेंटीमीटर लांबीचे, पोकळ आणि आडवे ठेवायचे वाद्य आहे. त्याला 13 तारा असतात. पूर्वी त्या रेशमाच्या असत, आता बहुधा पॉलिएस्टरच्या असतात. प्रत्येक तारेखाली सुटी, सरकवता येणारी घोडी असते आणि ती पुढेमागे करून स्वर लावतात. खुंट्या पिळायच्या नसतात, त्यामुळे एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाताना वादक घोड्या सरकवतो, आणि ते पाहण्यासारखे असते. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांवर नख्या असतात. इकुता घराण्यातल्या नख्या चौकोनी असतात आणि वादक वाद्याशी तिरका बसतो, कारण नखीचा कोपरा तारेला लागायला हवा. यामादा घराण्यातल्या नख्या गोलसर टोकाच्या असतात आणि वादक सरळ बसतो. बसण्याची पद्धत पाहून घराणे ओळखता येते.

चाल ज्या स्वरांत लावलेली असते त्या लावणीला 'हिराजोशी' म्हणतात आणि तिचे श्रेय सतराव्या शतकातले अंध वादक यात्सुहाशी केंग्यो (1614–1685) यांना दिले जाते. कोतोची पारंपरिक लिपी स्वरांची नावे लिहीत नाही, तारांचे आकडे लिहिते. म्हणूनच जपानमध्ये कोतोचा पहिला धडा घेणाऱ्याच्या तोंडी ही चाल आकड्यांनी बसते : सात सात आठ, सात सात आठ, सात आठ नऊ आठ, सात आठ-सात सहा. आपली सरगम शेजारी ठेवून पाहा : सातवी तार म, आठवी प, नववी ध, सहावी रे, पाचवी सा, चौथी मंद्र ध आणि तिसरी मंद्र प. तिसऱ्या तारेपासून नवव्यापर्यंत लागोपाठच्या सात तारांत संपूर्ण गाणे मावते, आणि डाव्या हाताने एकदाही तार दाबावी लागत नाही. शिकाऊ मुलांना हीच चाल का देतात, ते इथे समजते. आकड्यांखेरीज बोलही आहेत : 'सात सात आठ' तोंडाने म्हणताना 'त्सुन त्सुन तेन' असे म्हणतात. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणून मग हातात उतरवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही.

आता पहिली ओळ ऐकावी, फक्त पहिली ओळ. अंगठ्याची नखी सातव्या तारेला पुढे ढकलते; आवाजाच्या सुरुवातीला नखी तारेवरून घसरल्याचा एक कोरडा, बारीक ठोका असतो, आणि मग स्वर उमलतो. पुन्हा सातवी. मग आठवी, आणि आठव्या तारेचा आवाज विझू लागतो. पेटीवर जो पंचम भाता धरून ठेवत होता, तो इथे कोणी धरून ठेवू शकत नाही. चौथी मात्रा येईपर्यंत तो बराच क्षीण झालेला असतो, आणि त्या विझण्याकडे लक्ष द्यावे हीच वादकाची अपेक्षा असते. कसलेला वादक इथे कधी डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे तार हलकेच दाबून सोडतो, त्यामुळे विझत चाललेला स्वर क्षणभर वर उचलल्यासारखा होऊन परत येतो. कधी तो काहीच करत नाही. दोन कोतोंची जोडी असेल तर मुख्य हात, म्हणजे 'होन्ते', थांबतो आणि दुसरा हात, म्हणजे 'काएदे', त्याच मोकळ्या मात्रेत हळूच उत्तर देतो. तीन-चार मुद्रणांतली फक्त ही पहिली आठ मात्रांची ओळ लागोपाठ ऐकली, तर कोण घाईत आहे आणि कोणाचा स्वतःच्या आवाजावर विश्वास आहे, हे नवख्यालाही कळते.

पाचवी पायरी : योग्य मुद्रण शोधणे

इंटरनेटवर नुसते 'साकुरा' लिहून शोधले तर निराशा पदरी पडेल. या नावाची कितीतरी आधुनिक गाणी आहेत. 2003 मधले नाओतारो मोरियामा यांचे गाणे त्यांपैकीच एक, आणि त्याचा या चालीशी काही संबंध नाही. म्हणून 'साकुरा' हा शब्द दोनदा लिहावा आणि सोबत वाद्याचे नाव द्यावे. शक्य झाल्यास हिरागाना लिपीत लिहावे. सा, कु, रा ही तीनच अक्षरे आहेत आणि ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. जपानी लिपीत शोधले की शाळांचे, घराण्यांच्या सभांचे आणि जुन्या वादकांचे वादन समोर येते, जे रोमन लिपीत सापडत नाही.

'झेन', 'ध्यान', 'गाढ झोप' अशा मथळ्यांच्या तासन्‌तासांच्या ध्वनिफितींपासून मात्र दूर राहावे, असे मी कळकळीने सांगेन. त्यांत बरेचदा कोतो नसतोच. संगणकावर तयार केलेला आवाज असतो, नाहीतर चिनी गुझेंग असते. गुझेंग हे थोर वाद्य आहे, पण वेगळे आहे : त्याला साधारणपणे 21 तारा असतात, त्या धातूच्या गाभ्याच्या असल्याने आवाज झळझळीत येतो आणि बराच वेळ घुमत राहतो. कोतोचा आवाज त्या मानाने कोरडा, लाकडाचा आणि लवकर विझणारा असतो. मोकळ्या मात्रेत आवाज सतत लहरत, ओघळत असेल तर तो कोतो नसण्याची शक्यता जास्त.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग 1902 च्या अखेरीस कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित करून पुढे पूर्वेकडे गेले आणि 1903 मध्ये त्यांनी तोक्योत जपानी कलावंतांची मुद्रणे केली. आपली आणि जपानची ध्वनिमुद्रणाची परंपरा अशी एकाच प्रवासात जोडली गेलेली आहे. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. मूळ चाल मिनिटाच्या आत संपते, त्यामुळे तबकडी भरायची तर चाल पुन्हा पुन्हा वाजवणे किंवा तिचा विस्तार करणे भागच होते. वाद्यांवरच्या 'साकुरा'त मूळ चाल आणि मग तिची बदलती रूपे, असा आकार वारंवार भेटतो, त्यामागे हा हिशोबही असावा.

सहावी पायरी : शाकुहाची आणि शामिसेन

शाकुहाची ही बांबूची उभी बासरी आहे. तिच्या नावातच तिचे माप आहे : एक शाकू आणि आठ सुन, म्हणजे सुमारे 54.5 सेंटीमीटर. छिद्रे पाचच, चार पुढे आणि एक मागे. ही छिद्रे जे स्वर सहज देतात त्यांत मियाको-बुशीचे कोमल स्वर नाहीत. ते काढण्यासाठी वादक छिद्र अर्धवट झाकतो आणि हनुवटी खाली घेऊन फुंकेचा कोन बदलतो. या क्रियेला 'मेरी' म्हणतात. मेरीने काढलेला स्वर उतरतो, पण सोबत मंद आणि सावळाही होतो. म्हणून शाकुहाचीवर 'साकुरा' ऐकताना दुसऱ्या ओळीच्या शेवटचा कोमल रे पाहावा : शेजारचे म आणि प उजेडात असतात आणि हा रे सावलीत जातो. पेटीवर पाचही स्वर सारख्याच ताकदीचे असतात, कोतोवरही जवळजवळ तसेच. शाकुहाची मात्र पाच स्वरांत उजेड-सावलीचा भेद करते, आणि धुके की ढग या प्रश्नाला याहून जवळचे वाद्य मला सापडलेले नाही.

मोकळ्या मात्रेचे इथे उलटे होते. कोतोवर स्वर विझत होता, इथे श्वास आहे तोवर तो टिकतो, फुलवताही येतो. मात्रेच्या अखेरीस श्वास घेतल्याचा आवाज येतो, आणि चांगल्या मुद्रणात तो पुसून टाकलेला नसतो.

शामिसेन या तीन तारांच्या वाद्यावर ही चाल एकट्याने कमी ऐकायला मिळते, पण कोतो आणि शाकुहाचीच्या जोडीला ते असते तेव्हा त्याचा ठोकेदार आवाज चटकन ओळखू येतो. त्याच्या सर्वांत जाड तारेत मुद्दाम एक गुणगुण राखलेली असते, तिला 'सावारी' म्हणतात. तानपुऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सातवी पायरी : परदेशी वाद्यांवरची रूपे

जपानबाहेर ही चाल लवकरच गेली. पुच्चिनी यांनी 1904 च्या 'मादामा बटरफ्लाय' या संगीतिकेच्या पहिल्या अंकात ती वापरली आहे. ऑर्केस्ट्रात ती थोडाच वेळ येते, पण ज्याला पाठ आहे त्याला निसटत नाही. बासरीवादक झाँ-पिएर रामपाल आणि हार्पवादक लिली लास्किन यांनी जपानी चालींची जी मुद्रणे केली, त्यांत 'साकुरा' आहे. हार्पचा आवाज कोतोच्या शेजारी ठेवून ऐकण्यासाठी ते उपयोगी आहे, कारण हार्पही छेडूनच वाजते, पण नखीऐवजी बोटांनी. सुरुवातीचा तो कोरडा ठोका तिथे नसतो.

गिटारवरची रचना मात्र सावकाश ऐकावी. जपानी गिटारवादक युकिजिरो योको यांनी या चालीवर मूळ चाल आणि तिची रूपे अशी एकल गिटारची रचना केली आहे आणि जॉन विल्यम्स यांनी ती मुद्रित केली आहे. गिटारलाही कोतोसारखाच प्रश्न पडतो, स्वर विझतो. योको यांनी त्याची उत्तरे वेगवेगळ्या रूपांत वेगवेगळी दिली आहेत, आणि त्यांतले सर्वांत लक्षात राहणारे उत्तर ट्रेमोलोचे : एकच स्वर इतक्या जलद छेडत राहायचा की तो सलग वाटावा. जिथे कोतोवादक विझू देतो, तिथे गिटारवादक भरून काढतो. मला स्वतःला पहिली रीत अधिक प्रिय आहे, पण दुसरी ऐकल्यावाचून पहिलीची किंमत कळली नसती.

इथे महाराष्ट्राशी संबंध असलेल्या एका वाद्याचे नाव घेतलेच पाहिजे. 1912 मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तायशो-गोतो हे कळा दाबून वाजवायचे लहान वाद्य तयार केले. ते भारतात आले आणि बुलबुलतरंग झाले, आणि त्याच कुळातले, विजेवर चालणारे वाद्य गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या गाडीवर वाजते. जपानमध्ये तायशो-गोतो शिकणारे 'साकुरा' वाजवतात. ज्याच्या घरी बेंजो किंवा बुलबुलतरंग पडून असेल त्याने वर दिलेली सरगम त्यावर जरूर काढून पाहावी. दुसऱ्या ओळीतली 'पम'ची जोडी तिथे पेटीपेक्षा सोपी जाते.

आठवी पायरी : मियागी यांची 'साकुरा'

शेवटी वळावे ते मियागी मिचिओ यांच्या रचनेकडे. ती सुरुवातीला ऐकली तर बरेचसे कानावरून निघून जाते. मियागी यांचा जन्म 1894 मध्ये कोबे इथे झाला, लहानपणीच त्यांची दृष्टी गेली आणि कोतो हेच त्यांचे आयुष्य झाले. जुन्या काळी कोतोचे शिक्षण अंध वादकांच्या संघटनेच्या हाती होते. ती संघटना त्यांच्या जन्माआधीच विसर्जित झाली होती, पण त्या परंपरेचा धागा त्यांच्यापर्यंत पोचला होता. पाश्चात्त्य संगीतही त्यांनी मन लावून ऐकले, आणि कोतोंच्या मेळात खालच्या स्वरांची उणीव आहे, हे त्यांना जाणवले. 1921 मध्ये त्यांनी 17 तारांचा मोठा कोतो घडवून घेतला आणि 1923 मध्ये 'साकुरा हेन्सोक्योकू', म्हणजे साकुराची बदलती रूपे, ही रचना उच्च कोतो, निम्न कोतो आणि हा 17 तारांचा कोतो अशा तिघांसाठी बांधली. 1956 मध्ये रात्रीच्या रेल्वेगाडीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. तोक्योतल्या शिंजुकु भागात त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे.

ही रचना तीन वेळा, तीन बैठकींत ऐकावी. पहिल्या वेळी मूळ चाल कुठे उघड आहे आणि कुठे लपली आहे, एवढेच पाहावे. हाताने मात्रा मोजत राहिल्यास ती लपली तरी सापडते. दुसऱ्या वेळी वरच्या दोन कोतोंमधली देवाणघेवाण ऐकावी : एकाची मोकळी मात्रा दुसरा कशी घेतो, आणि कधी घेत नाही. तिसऱ्या वेळी फक्त 17 तारांच्या कोतोचा पाठलाग करावा. त्यासाठी फोनचा लहान स्पीकर उपयोगाचा नाही, कारण खालचे स्वर त्यातून बाहेरच येत नाहीत; कानात घालायचे साधे इअरफोन घेतले तरी चालते. एरवी सातव्या-आठव्या तारेवरून वर-खाली फिरणाऱ्या या छोट्या चालीखाली तो जाड, रुंद आवाज येतो, आणि वरचा पंचम विझत असताना खालचा स्वर अजून हलत असतो.

त्यानंतर पेटीकडे परत यावे, पांढरी तीनचा सा धरावा आणि पहिली ओळ वाजवावी. चौथ्या मात्रेवर पट्टी सोडायची की धरून ठेवायची, हे या वेळी हाताला आपोआप ठरवावेसे वाटेल.